निळ्या छायाचित्रास झाडाच्या सालीचा रंग



आवळा चिरण्यास लोखंडी विळी घेतली तर विळीचें पातें आणि फोडी दोन्ही काळीं पडतात, हें घरोघरच्या गृहिणीस ठाऊक असतें. केसांस लावावयाची मेंदी भिजवितांना तीच गृहिणी मुद्दाम लोखंडी कढई घेते, तींत चहाचें पाणी व आवळकाठीची पूड घालते आणि रात्रभर तशीच ठेवते. सकाळीं कढईंतील लगदा काळाभोर झालेला असतो. एके ठिकाणीं जें टाळावयाचें तेंच दुसऱ्या ठिकाणीं साधावयाचें, परंतु घडतें तें एकच. आवळा, चहा, हिरडा, बाभळीची साल यांत जें तुरट द्रव्य असतें त्यास रसायनशास्त्रांत टॅनिन म्हणतात. त्याची लोखंडाशीं गांठ पडली कीं काळा रंग उत्पन्न होतो. या काळ्या रंगाचा एक निराळाच उपयोग आज सांगावयाचा आहे. सूर्यप्रकाशानें कागदावर उमटविलेलें निळें चित्र या तुरट रसानें काळें, जांभळट किंवा तपकिरी कसें करतां येतें, आणि नांदेड-लातूरकडे राहणाऱ्यानें हा उद्योग आरंभिला तर त्याच्या वाटेंत काय आडवें येतें, हा आजचा विषय आहे.

प्रथम हें निळें चित्र म्हणजे काय तें पाहूं. सर जॉन हर्शेल या इंग्रज ज्योतिर्विदांनीं १८४२ सालीं ही रीत शोधून काढली आणि तिला सायनोटाइप असें नांव दिलें. (यांचेच चिरंजीव विल्यम हर्शेल बंगालमध्यें मुलकी अधिकारी होते. १८५८ सालीं जंगीपूर येथें त्यांनीं एका ठेकेदाराच्या करारपत्रावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला, व तेथून बोटांच्या ठशांच्या विद्येस चालना मिळाली. पितापुत्र दोघेही ठशांच्याच नादांत होते म्हणावयाचे!) हर्शेलांच्या शोधानंतर वर्षभरांतच, म्हणजे १८४३ पासून, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या विदुषीनें समुद्रांतील शेवाळांचे निळे ठसे काढून त्यांचें पुस्तक भागाभागानें प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. छायाचित्रांनीं युक्त असें पहिलें पुस्तक तेंच, असें सामान्यतः मानितात. पुढें १८७० नंतरच्या काळांत हीच रीत इंजिनियरांनीं उचलली. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा असलेला पूल, धरण किंवा इमारत यांचा जो जुना नकाशा, ज्याला आपण ब्लू प्रिंट म्हणतों, तो याच जातीचा.

येथें एक खुलासा केला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे बहुतेक नकाशे अमोनियाच्या वाफेनें उठविलेले असत. त्यांची जमीन पांढरी आणि रेघा निळ्या-जांभळ्या असतात. त्यांनाही लोक ब्लू प्रिंटच म्हणत राहिले, परंतु त्यांत लोखंड नाहीं, आणि म्हणून मी पुढें जें सांगणार आहें त्यांतलें कांहीं त्यांना लागू पडणार नाहीं. घरांत वाडवडिलांच्या वाड्याचा किंवा शेताचा खरा निळा नकाशा असेल तर त्याच्यावरही हा प्रयोग करूं नये. तो कागद म्हणजे पुरावा आहे. प्रयोगासाठीं नवें चित्र काढावें, आणि तें काढणें मुळींच कठीण नाहीं.

त्याकरितां दोन द्रव्यें लागतात : फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. प्रयोगशाळांस रसायनें पुरविणाऱ्या दुकानांत दोन्ही मिळतात. पहिल्याचे २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यांत, दुसऱ्याचे १० ग्रॅम तितक्याच पाण्यांत विरघळवून दोन निरनिराळ्या बाटल्यांत ठेवावे. लागेल तेवढ्यापुरते समभाग एकत्र करून मऊ ब्रशानें कागदावर पसरावे आणि कागद अंधाऱ्या खोलींत वाळवावा. त्यावर पिंपळाचें जाळीदार पान, बाभळीची डहाळी किंवा छायाचित्राची निगेटिव्ह ठेवून वर कांच दाबून उन्हांत न्यावा. चैत्र-वैशाखांतील आपल्याकडचें ऊन पांच-दहा मिनिटांत काम करतें. मार्गशीर्षांत धीर धरावा लागतो. कागदाचा पिवळट-हिरवा रंग जाऊन त्यावर राखी छटा चढली कीं तो पाण्यांत बुडवावा. बुडवितांच निळा रंग फुलूं लागतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हवेनें तो अधिकच गडद होतो.

घडतें तें असें. सूर्यप्रकाशानें पहिल्या द्रव्यांतील फेरिक लोखंडाचें फेरस लोखंड होतें. तें दुसऱ्या द्रव्याशीं संयोग पावून पाण्यांत न विरघळणारा असा एक निळा रंग बनवितें. हाच प्रशियन निळा होय. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें एका रंग करणाऱ्याच्या हातून तो अकस्मात् निर्माण झाला होता. जेथें पानाची सावली पडली तेथें कांहींच घडत नाहीं. तेथील द्रव्यें धुऊन जातात व कागद पांढरा राहतो. निळीच्या झाडापासून मिळणाऱ्या रंगाशीं या निळ्याचा काडीमात्र संबंध नाहीं. हें चित्र लोखंडाचें आहे, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व भाग आपोआप उलगडतो.

या निळ्या रंगास क्षाराचें वावडें आहे. एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत निळें चित्र सोडलें तर आपल्या डोळ्यांदेखत निळा रंग विटतो, आणि मिनिटभरांत कागदावर फिकट पिवळी, गंजाच्या जातीची छाया तेवढी उरते. पाहणाऱ्यास वाटतें चित्र गेलें. तें गेलेलें नसतें. सोड्यानें निळ्या रंगांतील सायनाइडयुक्त भाग पाण्यांत ओढून नेला. लोखंड मात्र जेथल्या तेथें, पानाच्या रेषेबरहुकूम, कागदाच्या तंतूंत चिकटून राहिलें. आतां तें चित्र स्वच्छ पाण्यांत खळबळून हिरड्याच्या काढ्यांत ठेवावें. पिवळ्या छायेंतून चित्र पुन्हां वर येतें, आणि या वेळीं तें काळें असतें.

आपले पूर्वज ज्या शायांनीं लिहीत त्यांपैकीं एक नेमकी हीच होय. पोथ्या बहुधा काजळाच्या शाईनें लिहीत, परंतु हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून केलेली शाईही प्रचारांत होती. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. युरोपांत मायफळ आणि हिराकस यांच्या शाईनें शेंकडों वर्षें दप्तरें लिहिलीं गेलीं. तिकडे शाई बाटलींत तयार होई. येथें ती कागदाच्या पोटांत तयार होते, आणि लेखणीचें काम सूर्यानें आधींच करून ठेवलेलें असतें.

आतां कोणती वनस्पती घ्यावी? हिरडा सर्वांत उत्तम. त्याच्या वाळल्या फळाच्या सालींत शेंकडा तीसच्या आसपास टॅनिन असतें. तो मुख्यत्वें सह्याद्रीकडून येतो, परंतु काष्ठौषधींच्या कोणत्याही दुकानांत मिळतो. डाळिंबाची साल आपण रोज फेंकून देतों, तीही याच वर्गांतील आहे. तिचा व हिरड्याचा काळा रंग निळसर झांक मारतो. बाभळीची साल, खैराचा कात आणि तरवडाची साल यांतील टॅनिन दुसऱ्या जातीचें आहे. लोखंडाशीं मिळालें असतां तें हिरवट काळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकतें. चहा सर्वांत सोपा, दूध-साखरेवांचून उकळलेला; पण तो चित्राबरोबर पांढरा कागदही विटकरी करून सोडतो. जुनाट दिसावें म्हणून कित्येकांना तेंच आवडतें. माझें मत निराळें आहे. पानाची शीर काळी आणि मोकळी जागा शक्य तितकी पांढरी, असें चित्र डोळ्यांस अधिक सुख देतें, आणि म्हणून चहापेक्षां हिरडा बरा.

तरवडाविषयीं थोडें अधिक बोलल्यावांचून राहवत नाहीं. लातुराहून नांदेडकडे येतांना पडीक रानांत, सडकेच्या कडेला हें पिवळ्या फुलांचें झुडूप हटकून दिसतें. गुरें त्याच्या वाटेस फारशीं जात नाहींत, म्हणून तें टिकून आहे. देगलूर-धर्माबादेकडील तेलुगू घरांत बतुकम्माच्या फुलांच्या राशींत याच फुलांना मान असतो. तेलंगणानें तर त्यास आपलें राज्यपुष्प केलें आहे. चित्रकारास मात्र फूल नको, साल पाहिजे. आणि सालीचा हा गुण कोणा रसायनशास्त्र्यानें शोधलेला नाहीं. चामडें कमावणाऱ्या कारागिरांनीं तरवड, बाभूळ आणि हिरडा यांची पारख पिढ्यान्‌पिढ्या केली. कोणत्या सालीनें कातडें मऊ येतें, कोणत्यानें लाल होतें, कुंडांत तें किती दिवस ठेवावें, हें त्यांना हाताच्या स्पर्शानें कळे. कोल्हापुरी वहाणेचें चामडें बाभूळ व हिरडा यांनींच कमावतात. टॅनिन हा शब्दच कातडें कमावण्याच्या क्रियेवरून आला आहे. ज्यांना आपण गांवकुसाबाहेर ठेवलें त्यांच्या कुंडांत हें रसायनशास्त्र होतें. आमच्या शाळेच्या पुस्तकांत तें कधीं आलें नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे.

किनवट-माहूरच्या जंगलांत सागाबरोबर ऐन व धावडाही आहेत, आणि त्यांतही टॅनिन असतें. परंतु उभ्या झाडाची साल सोलून घेऊं नये, झाड मरतें. छाटलेल्या फांदीची घ्यावी. माहूरचें नांव आलें म्हणून तांबुलाचीही आठवण करून देतों. रेणुकादेवीच्या त्या प्रसिद्ध तांबुलांत व आपल्या साध्या विड्यांतही कात आणि चुना एकत्र आले कीं लाल रंग येतो. कात हें टॅनिन आणि चुना हा क्षार. हीच गोष्ट आपल्या तबकांत घडूं शकते. चित्र सोड्यांतून काढून न धुतांच काताच्या पाण्यांत टाकलें तर कागद सगळाच तांबूस होऊन बसतो. म्हणून मधलें धुणें कधींही टाळूं नये.

काढा करण्याची रीत कोणत्याही औषधी काढ्यासारखीच आहे. अर्धा लिटर पाण्यांत दोन मोठे चमचे जाडसर पूड, मंद आंच, मग फडक्यानें गाळणें. भांडें लोखंडाचें नसावें, हें सुरुवातीच्या आवळ्यावरून कळलेंच असेल. कांच, स्टेनलेस स्टील किंवा कल्हई न उडालेलें भांडें चालेल. चित्र थंड झालेल्या काढ्यांत दहा मिनिटांपासून तासभरपर्यंत ठेवतात, आणि रंग मनाजोगा आला कीं काढतात. कोणी सोडा मुळींच न वापरतां निळें चित्र सरळ काढ्यांत पुष्कळ वेळ ठेवतात. त्यानें निळा रंग काळवंडून शाईसारखा होतो. कोणी सोड्यांत तें अर्धवटच विटवितात. मग फिकट भाग तपकिरी आणि गडद भाग निळा, असें दुरंगी चित्र मिळतें. कोणतीही रीत घेतली तरी मूळ चित्र उन्हांत थोडें जास्त ठेवावें, कारण सोड्यांत कांहीं अंश जातोच.

आतां मुख्य अडचणीकडे वळतों. ती पाण्याची आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्याच्या भेगांतून आलेलें विहिरीचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. डाळ शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, किटलीच्या तळाशीं पांढरा थर बसतो. असें पाणी किंचित् क्षारयुक्त असतें, आणि निळ्या रंगास क्षार सोसत नाहीं हें आपण पाहिलेंच. नळाखालीं तास-दोन तास धुतलेलें चित्र फिकें पडलें तर लोक औषधांस दोष देतात. वास्तविक तें काम पाण्याचें असतें. उपाय साधा आहे. पहिल्या धुण्याच्या तबकांत लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावे, किंवा पावसाचें पाणी सांठवून तें या कामास ठेवावें.

दुसरी बाजू पाणी किती लागतें याची. इंग्रजी पुस्तकांत वाहत्या पाण्याखालीं चित्र धुवावें असें खुशाल लिहिलेलें असतें. तें लिहिणाऱ्यानें लातूरचा उन्हाळा पाहिलेला नसतो. २०१६ सालीं धनेगावचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी लातुरास पोंचली. तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. ज्या शहरानें घागरीसाठीं रात्र रात्र जागून काढली तेथें शोभेच्या चित्रासाठीं नळ सोडून ठेवा असें मी तरी सांगणार नाहीं. वाहत्या पाण्याची गरजही नाहीं. तीन तबकें ओळीनें मांडावीं. चित्र पहिल्यांत पांच मिनिटें, दुसऱ्यांत पांच, तिसऱ्यांत पांच असें फिरवावें. पहिलें पाणी पिवळें झालें कीं तेवढेंच टाकून दुसरें पहिल्याच्या जागीं, तिसरें दुसऱ्याच्या जागीं आणावें व शेवटीं एकच तबक नवें भरावें. वहीच्या पानाएवढीं चार-सहा चित्रें या रीतीनें एका बादलीच्या आंत निघतात. सोडा व काढा यांनंतरच्या धुण्यासही तोच क्रम.

कागदाविषयीं दोन शब्द. हल्लींच्या छपाईच्या पांढऱ्याशुभ्र कागदांत बहुधा खडूची पूड मिसळलेली असते, आणि खडू हाही क्षारच. कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा; बारीक बुडबुडे आले तर तो कागद निळ्या चित्रास निरुपयोगी समजावा. सुती चिंध्यांचा हातकागद बरा पडतो. तो करण्याची परंपरा आपल्याच मराठवाड्यांत, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत आहे. परंतु त्याचीही प्रथम हीच परीक्षा घ्यावी.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. एक कारण टिकाऊपणाचें. चित्र भिंतीवर लावल्यावर निळा रंग तीव्र प्रकाशानें हळूहळू फिका होतो, आणि चुन्याच्या ओल्या भिंतीशीं त्याचा संबंध आला तर लवकरच विटतो. काळा रंग क्षारास त्याहून अधिक दाद देत नाहीं. मात्र त्यासही भय आहेच. लोखंडी शाईनें लिहिलेल्या युरोपांतील जुन्या दप्तरांत शाईनेंच कागद खाऊन अक्षरांच्या जागीं भोंकें पाडलीं आहेत. शाईंत उरलेलें जादा लोखंड व आम्ल यांचा तो परिणाम. आपल्या चित्रांत लोखंड फार थोडें असतें. तरीही काढ्यानंतरचें धुणें अपुरें राहिलें तर कागदांत उरलेलें टॅनिन पुढें त्यास पिवळें करतें.

दुसरें कारण माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास अधिक जवळचें वाटतें. लातूर पॅटर्नच्या वर्गांत बसून मुलें परीक्षेंत उत्तम गुण मिळवितात, आणि लोखंड व सायनाइड यांच्या संयुगांचीं नांवें व सूत्रें त्यांस मुखोद्गत असतात. त्या मुलांची हुशारी मी नाकारीत नाहीं. पण फेरीसायनाइड लाल असतें, त्यापासून निळा रंग होतो, तो सोड्यानें जातो आणि हिरड्यानें काळा होऊन परत येतो, हें त्यांतील कितीकांनीं डोळ्यांनीं पाहिलें असेल? सुटीच्या एका दुपारीं, घराच्या गच्चीवर, थोड्या खर्चांत हें दाखवितां येतें. शिकवणी वर्गाच्या एका महिन्याच्या फीशीं तर या खर्चाची तुलनाही नको.

मुलांकडून करवून घेतांना वडील माणसानें जवळ असावें. फेरीसायनाइड या नांवांत सायनाइड आहे म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. त्यांतील सायनाइड लोखंडाशीं घट्ट जखडलेलें असतें, आणि लिंबाच्या चार थेंबांनीं तें सुटत नाहीं. परंतु तीव्र आम्ल, विशेषतः न्हाणीघर धुण्याचें आम्ल, यांत कधींही पडूं देऊं नये, व ती पूड किंवा तें पाणी विस्तवावर तापवूं नये. तसें केल्यास विषारी वायु सुटतो. तबकें, चमचे व ब्रश निराळे ठेवावे, ते पुन्हां स्वयंपाकघरांत नेऊं नयेत. उरलेलें पाणी आडांत, गुरांच्या हौदांत किंवा भाजीच्या वाफ्यांत न टाकतां भरपूर सांडपाण्याबरोबर मोरींतून जाऊं द्यावें.

एकाच पानाचीं दोन चित्रें काढावीं, असें सुचवितों. एक हिरड्यांत काळें करावें, दुसरें निळेंच ठेवावें. निळें चित्र उन्हाच्या खिडकीसमोर राहून फिकें झालें तर त्यास कपाटाच्या अंधारांत कांहीं दिवस ठेवून पाहावें. प्रकाशानें उडालेला रंग अंधारांत हवेच्या योगानें पुष्कळसा परत येतो. काळ्या चित्रांत हा गुण नाहीं.